खांबावरचं घर, बुडालेलं गाव आणि स्वस्तातली होडी



मागच्या व्याख्यानात आम्ही वैशेषिकांच्या ‘काल’ या द्रव्याबद्दल बोललो होतो. प्रश्नोत्तरं संपल्यावर एक बाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, काळाचं काही फारसं कळलं नाही, पण तुम्ही दोघं पेन्शनीत एवढं फिरता कसं, ते एकदा सांगा.’’ आम्ही हसलो. पण घरी गेल्यावर वाटलं, प्रश्न काही साधा नाही. स्वस्तात फिरणं म्हणजे काय, आणि ते कुणाला स्वस्त पडतं, कुणाला महाग, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. म्हणून आजचा विषय : पाण्यातली गावं, तिथे नेणारी होडी आणि होडीत बसलेले आपण.

सुरुवात आपल्या घरापासून करू. आपल्यापैकी बहुतेकजण खांबांवरच्या घरात राहतात. हसू नका, खरं आहे. निगडी-प्राधिकरणाच्या पुढं, रावेत, मोशी, चाकणपर्यंत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या तळाशी काय असतं? खांब. बिल्डरच्या कागदावर त्याला ‘स्टिल्ट पार्किंग’ म्हणतात. आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत आसामची चार-पाच मुलं एका खोलीत भाड्यानं राहत असत. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. त्यातला एकजण आमच्याकडे वर्तमानपत्र न्यायला यायचा, हिंदी वाचायला. पहिल्यांदा आला तेव्हा खाली खांबांमध्ये उभा राहून वर बघत म्हणाला, ‘‘सर, आपका भी चांग घर है!’’ आम्हाला कळेना. मग त्यानं सांगितलं. तो माजुलीचा. ब्रह्मपुत्रेतलं बेट. तो मिसिंग जमातीचा, आणि त्यांची घरं बांबूच्या खांबांवर असतात. त्याला चांग घर म्हणतात. ‘‘हमारे यहाँ नीचे पानी आता है, आपके यहाँ गाड़ी.’’

या एका वाक्यामुळे आम्ही दोघं २०१८ च्या हिवाळ्यात माजुलीला गेलो.

कसे गेलो, ते आधी सांगून टाकू, म्हणजे त्या बाईंचं समाधान होईल. लोकमान्य टिळक टर्मिनसहून गुवाहाटीची गाडी, स्लीपर. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक जाडजूड पुस्तक, जे अर्थातच वाचलं गेलं नाही. गुवाहाटीहून जोरहाट. तिथून वाटणीच्या टमटममध्ये निमाती घाट. आणि निमाती घाटावरून कमलाबारीला जाणारी फेरीबोट. या फेरीबोटीचं तिकीट म्हणजे आपल्या इथल्या शहर बसच्या तिकिटासारखंच. कारण ती पर्यटकांसाठी नाहीच. त्यावर मोटारसायकली चढतात, जीप चढते, भाजीच्या पाट्या चढतात, लग्नाला निघालेलं वऱ्हाड चढतं. आम्ही छतावर बसलो. कुणी आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. फिरणाऱ्याला याहून मोठा मान कोणता? आपण तिथे आहोत आणि त्यामुळे तिथलं काही बिघडत नाही.

आता थोडं समजावून घेऊ की माणसं खांबांवर घर का बांधतात. फोटो बघून आपल्याला वाटतं, किती छान, पाण्यावर घर! छान वाटावं म्हणून कुणी बांधत नाही. कारणं साधारण तीन असतात.

पहिलं कारण पूर. ब्रह्मपुत्रा दर पावसाळ्यात पात्र सोडते. मिसिंग लोक घराची जमीन किती उंच ठेवायची ते मागच्या मोठ्या पुराच्या खुणेवरून ठरवतात. त्यापेक्षा मोठा पूर आला, तर पुढच्या वेळी जमीन आणखी वर. म्हणजे त्या घराची उंची ही पुरांची नोंदवहीच असते. फाडलेल्या बांबूची जमीन, पाऊल ठेवलं की किंचित दबते. मधोमध चूल, चुलीवर टांगलेल्या फळ्या, त्यावर मासे वाळतात. खालची जागा रिकामी नसते. कोरड्या दिवसांत तिथे हातमाग असतो, कोंबड्या असतात, डुकरं असतात. पाणी आलं की माग वर जातो, आणि माणसं होडीनं किंवा केळीच्या खुंटांच्या तराफ्यावरून शेजारी जातात. पूर म्हणजे त्यांना संकट आहेच, पण तो वाटेत आडवा आलेला अपघात नाही. तो दर वर्षीचा पाहुणा आहे, आणि पाहुण्यासाठी घरात जागा ठेवलेली आहे.

दुसरं उदाहरण कंबोडियातल्या तोनले साप सरोवराचं. तिथे आम्ही गेलेलो नाही, पण त्याची रीत सांगण्यासारखी आहे. कोरड्या दिवसांत हे सरोवर अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचं असतं. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते, की सरोवरातून तिच्याकडे वाहणारी उपनदी चक्क उलटी वाहायला लागते आणि मेकाँगचं पाणी सरोवरात शिरतं. मग सरोवर चार-पाच पट मोठं होतं. काठची रानं बुडतात, त्यात मासे वाढतात. काम्पोंग फ्लुकसारख्या गावात घरं सहा-सात मीटर उंच खांबांवर आहेत. उन्हाळ्यात जिना चढून घरात जायचं, पावसाळ्याअखेर होडी दाराला लावायची. तिथे पाणी हे नुसतं संकट नाही, ते पीक आहे.

तिसरं कारण वेगळंच आहे. आफ्रिकेत बेनिन देशात नोकुए सरोवरात गान्व्ये नावाचं गाव आहे. तिथल्या तोफिनू लोकांचे पूर्वज गुलामांच्या शिकाऱ्यांपासून वाचण्यासाठी पाण्यात जाऊन राहिले. पाठलाग करणारे योद्धे धर्माज्ञेमुळे पाण्यात उतरत नसत, असं तिथली परंपरा सांगते. म्हणजे तिथे पाणी हा किल्ला झाला.

तर पूर, मासळी आणि भय. खांबांवरच्या गावाला होडीनं जाताना, या गावानं पाण्याशी कोणता करार केला आहे, हा पहिला प्रश्न मनात असावा. कॅमेरा नंतर.

आता कुणी म्हणेल, सर, हे सगळं दूरचं. आपल्याकडे कुठं अशी गावं आहेत? बरोबर आहे. महाराष्ट्रात खांबांवरचं गाव नाही. आपल्याकडे खांबांवर काय असतो? शेतातला माळा. चार मेढी रोवायच्या, वर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकायची. आपण खांबांवर पीक राखलं, संसार केला नाही. पण होडीनं जायची गावं आपल्याकडे आहेत. कोयनेच्या शिवसागराच्या काठी तापोळा, बामणोली ही नावं तुम्हाला ठाऊक असतील. आणि त्याहून जवळ, इथून सव्वाशे किलोमीटरवर, उजनी.

उजनीबद्दल आम्हाला तटस्थपणे बोलता येणार नाही, हे आधीच सांगतो. आमचं आजोळ उजनीत गेलं.

धरण भीमेवर, सोलापूर जिल्ह्यात. काम साठच्या दशकात सुरू झालं आणि १९८० मध्ये पूर्ण झालं. पाणीसाठा ११७ टीएमसीच्या आसपास. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली राहणारा. फुगवटा मागे सरकत सरकत थेट भिगवणच्या वर आला. इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांतली भीमाकाठची काळी जमीन आणि गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ त्यातच आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, की देऊळ पाण्यातून वर येतं. वर्तमानपत्रं त्याचे फोटो छापतात आणि लोक गाड्या घेऊन बघायला जातात. आपल्या गावाचं देऊळ बाहेर यावं म्हणून दुष्काळ पडावा लागतो, हे काही भाग्य म्हणता येणार नाही.

आमच्या आईचं गाव देवळासारखं प्रसिद्ध नव्हतं, त्यामुळे त्याचं नाव इथे सांगत नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत जायचो. घाटाच्या पायऱ्या होत्या, चिंच होती, वाळूत टरबुजांचे वेल होते. आम्ही पुण्यात शिकवायला लागलो त्याच सुमाराला गाव उठलं. आई त्यानंतर एकदाही तिकडे गेली नाही. म्हणायची, ‘‘काय बघायचं? पाणी?’’

माजुलीहून परत आल्यावर पुढच्या फेब्रुवारीत आम्ही दोघं भिगवणला गेलो. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीनं भिगवण स्टेशन, पुढं वाटणीची रिक्षा. त्या दिवसांत तिथे रोहित पक्षी आलेले असतात, म्हणजे फ्लेमिंगो. त्यामुळे काठावर होड्यांची रांग असते. भोई समाजातली तरुण मुलं पहाटे जाळं बघतात आणि सकाळी पर्यटक फिरवतात. आम्ही एका नावाड्याशी भाव केला. तो म्हणाला तेवढे द्यायला आमची तयारी नव्हती. पन्नास रुपये कमी करून घेतले. आपण स्वस्तात फिरणारे, त्यामुळे भाव करणं हा आपला धर्मच, असं मानून केला. त्याला म्हटलं, पक्षी नकोत, अमुक गावाच्या जागेवर घेऊन चल. तो थोडा थबकला, मग म्हणाला, ‘‘लांब आहे. पण चला.’’

बराच वेळ इंजिन चाललं. मग एका ठिकाणी त्यानं ते बंद केलं. चहूकडे सपाट पाणी. म्हणाला, ‘‘हे बघा. इथंच. आमचं बी ह्येच गाव. आजा इथं असायचा. खाली चिंचेची खुटं हायेत, जाळं अडकतं, म्हणून ठाऊक.’’

आमच्या सौ.नी विचारलं, ‘‘मग तुमच्या घरची माणसं आता कुठे?’’ तो म्हणाला, ‘‘कोण कुठं, कोण कुठं. काही वरच्या गावठाणात, काही पार लाभक्षेत्रात गेली. सणाला बी गाठ पडत न्हाई.’’

मग त्यानं विचारलं, ‘‘तुम्ही कुठलं म्हणायचं?’’ आम्ही म्हटलं, ‘‘पिंपरी-चिंचवड.’’ तो पाण्याकडे हात करून म्हणाला, ‘‘मग पाणी तुमचंच की.’’

रागानं नाही बोलला. भूगोल सांगितला. नकाशा डोळ्यांसमोर आणा. पवना दापोडीला मुळेला मिळते. मुळा-मुठा पुढं भीमेला. इंद्रायणी तुळापूरजवळ भीमेला मिळते, आणि भामाही भीमेलाच. म्हणजे पिंपरीचं, चिंचवडचं, देहू-आळंदीचं, चाकणचं, पुण्याचं सगळं पाणी शेवटी कुठे जातं? उजनीत. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, त्याचे फोटो आपण सगळ्यांनी बघितले आहेत. तो फेस आळंदीला संपत नाही. आपण उजनीला फिरायला जातो त्याच्या कितीतरी आधी आपलं सांडपाणी तिथे पोचलेलं असतं. त्या पाण्याला उन्हाळ्यात हिरवी साय धरते आणि सोलापूरसारखं शहर पिण्यासाठी त्याच धरणावर अवलंबून आहे. त्या तरुणाची जाळी त्याच पाण्यात, त्याची चिलापी त्याच पाण्यातली.

परत आल्यावर आम्ही मूळ भावाप्रमाणे पूर्ण पैसे पुढे केले. त्यानं पन्नास परत दिले. ‘‘ठरलं ते ठरलं.’’ आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं. पण त्या पन्नास रुपयांच्या नोटेनं जे शिकवलं, ते वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

आता आपल्या विषयाकडे येऊ. वैशेषिक दर्शनात दोन वस्तू एकत्र असण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक संयोग, दुसरा समवाय. संयोगाचं नेहमीचं उदाहरण म्हणजे भांडं आणि बोरं. बोरं या भांड्यात आहेत, उद्या त्या भांड्यात ठेवली तरी बोरांचं काही बिघडत नाही. समवायाचं उदाहरण म्हणजे दोरे आणि कापड. कापड दोऱ्यांतच असतं, दोऱ्यांपासून वेगळं काढून दाखवता येत नाही. दोरे कापडाशिवाय राहतील, पण कापड दोऱ्यांशिवाय राहणार नाही. परीक्षेला हा प्रश्न हमखास असतो, पण त्याचा उपयोग काय, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

उपयोग इथे आहे. धरण बांधणाऱ्या कागदानं गावाकडे कसं पाहिलं? भांडं आणि बोरं. हे भांडं पाण्याखाली जाणार आहे, तर बोरं उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवा. एकरामागे इतका मोबदला, घरामागे इतका, आणि पर्यायी जमीन. हिशेब म्हणून तो चूक नव्हता. आपल्या राज्यानं पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला, म्हणजे निदान कर्तव्य मान्य केलं. पण गाव हे बोरं नव्हतं, कापड होतं. घरं, म्हणजे दोरे, शिल्लक राहिले. एक दोरा या गावठाणात, दुसरा त्या गावठाणात. कापड मात्र गेलं. त्या नावाड्याचं ‘सणाला बी गाठ पडत न्हाई’ हे वाक्य म्हणजे समवाय तुटल्याची साक्ष आहे.

आणि माजुलीला काय पाहिलं? तिथे घर आणि जमीन यांच्यात संयोग आहे. कारण तिथे जमीनच विश्वासाची नाही. नदी काठ खाते. गेल्या शंभर वर्षांत बेटाची निम्म्याहून अधिक जमीन नदीनं नेली. काठ जवळ आला, की घर उतरवतात, खांब, वासे, जे नेता येईल ते नेतात आणि मागे सरकून पुन्हा उभं करतात. शक्य असेल तेव्हा शेजार बरोबर सरकतो. म्हणजे घर-जमीन हा संयोग, आणि शेजारी-शेजारी हा समवाय.

इथे एक सावधगिरी. ‘बघा, ते कसे निसर्गाशी जुळवून राहतात’ असं म्हणून हार घालायचा मोह होतो. तो घालू नका. आमच्या ओळखीचा तो मुलगा माजुली सोडून चाकणला का आला? वडिलांची शेती नदीत गेली म्हणून. त्यांचं घर सरकत सरकत बंधाऱ्याच्या कडेला आलं. आता मागे सरकायला जागा नाही. खांब उंच करता येतात, पण खांब रोवायला माती तर हवी. त्या घराचं शहाणपण खरं आहे आणि त्याची हतबलताही खरी आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे सोसायला शिकणं म्हणजेच समजणं.

उजनीच्या बाबतीतही एकच बाजू सांगणं अप्रामाणिक होईल. त्याच फुगवट्याच्या काठानं आज पंप बसवून पिकवलेला ऊस उभा आहे. काही घरांत त्या पाण्यानं पैसा आला. सोलापूरला पाणी मिळालं. आमच्या आईचे चुलतभाऊ, जमीन गेली म्हणून रडलेले, त्यांची नातवंडं उसाच्या पैशावर शिकली. धरण नको होतं असं म्हणायला आम्ही उभे नाही. आपण पितो ते पाणीही धरणाचंच आहे. म्हणणं एवढंच, की हिशेबात दोरे मोजले गेले आणि कापड मोजलं गेलं नाही.

आणि हा हिशेब जुना झाला असंही समजू नका. आपलं शहर पवना धरणाचं पाणी पितं. धरणातून नदीत सोडायचं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलायचं, निगडीला शुद्ध करायचं आणि नळाला द्यायचं. २०१९ च्या अखेरीपासून तेही दिवसाआड. धरणातून थेट बंद नळानं पाणी आणायची योजना झाली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. पवनेच्या कित्येक धरणग्रस्तांचा जमिनीचा प्रश्न त्यानंतरही लोंबकळत राहिला. चाकणच्या वर भामा-आसखेडला धरणग्रस्तांनी जलवाहिनीचं काम पुन्हा पुन्हा अडवलं. आणि शंभर वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, याच डोंगरांमागे सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला तोही धरणासाठी जाणाऱ्या जमिनीवरूनच. आपल्या नळाला इतिहास आहे, एवढंच लक्षात ठेवू.

आता आपल्या स्टिल्टकडे परत. आपली घरं खांबांवर आहेत, पण ते खांब पाण्यासाठी नाहीत. पाण्यासाठी आपण कागदावर रेषा ओढतो. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. मिसिंग बाई बांबूवर खूण करते, आपण नकाशावर करतो. फरक एवढाच, की ती खुणेच्या वर राहते आणि आपण खुणेच्या आत बांधकाम करतो. चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले छत्तीस बंगले मे २०२५ मध्ये पाडावे लागले. ज्यांनी कर्ज काढून घर घेतलं ते रस्त्यावर आले. दर पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या वस्त्यांतली माणसं महापालिकेच्या शाळेत हलवली जातात. आपल्याकडे नोंद असते, पण घराची उंची त्या नोंदीवरून ठरत नाही.

आता शेवटी, त्या बाईंच्या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर. होडीनं अशा गावांना स्वस्तात जायचं असेल तर काय करावं?

शक्य तिथे गावकरी ज्या बोटीनं जातात तिनंच जावं. ती स्वस्त असते, आणि तिच्यात आपण गिऱ्हाईक नसतो, सहप्रवासी असतो. पण ती बोट म्हणजे त्यांची एस.टी. आहे, हे विसरू नये. शाळेच्या किंवा बाजाराच्या वेळी गर्दी असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. वेळ आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

दुसरं, जिवाच्या बाबतीत काटकसर नाही. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहाजण बुडाले, त्यात लहान मुलं होती. एकजण पोहून काठाला लागला. ते फिरायला आलेले लोक नव्हते. रस्त्यानं फेरा मोठा पडतो म्हणून रोजच्यासारखे होडीत बसलेले होते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये निमाती घाटाजवळही दोन बोटींची टक्कर झाली, तेही आम्ही ज्या पाण्यावरून गेलो त्याच पाण्यावर. म्हणून तरंगजाकीट मागून घ्यावं, नसेल तर काठावरच थांबावं. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर आभाळ भरून आलं तर होडीत पाऊल ठेवू नये. एक माणूस जास्त होतोय असं दिसलं तर तो एक आपण असावं आणि उतरावं. आणि नावाडी ‘आज नको’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याला पाणी वाचता येतं, आपल्याला फक्त घड्याळ.

तिसरं, भाव. होडीचा भाव माणशी आहे की सबंध होडीचा, हे बसण्याआधी विचारावं आणि चार-पाच अनोळखी प्रवासी मिळून होडी वाटून घ्यावी. हा खरा स्वस्तपणा. नावाड्याच्या मजुरीतून पन्नास रुपये कापणं हा स्वस्तपणा नाही, ती उसनवारी आहे, आणि फेडायला संधी मिळेलच असं नाही. आम्हाला मिळाली नाही.

चौथं, कुणाच्या घरात शिरू नये, बोलावल्याशिवाय. खांबांवरच्या घराला भिंती पातळ असतात आणि होडीतून सगळं दिसतं : चूल, अंघोळ, निजलेलं मूल. दिसतं म्हणून बघायचं नसतं. इमॅन्युएल कान्टनं सांगितलं, की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. आम्ही हे तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. होडीत बसल्यावर त्याचं भाषांतर असं होतं : समोरची बाई आपल्या फोटोची पार्श्वभूमी नाही.

आणि शेवटचं. जाण्याआधी नकाशा बघावा आणि आपलं पाणी कुठून येतं, कुठे जातं, त्यावर बोट फिरवावं. आम्हाला वाटतं, पिंपरी-चिंचवडच्या माणसानं परदेशातल्या खांबांवरच्या गावांना जरूर जावं, पण त्याआधी दोन ठिकाणी जाऊन यावं. एकदा पवनेच्या काठी, जिथून पाणी येतं. एकदा उजनीत, जिथे ते जातं. दोन्हीकडे लोकल, एस.टी. आणि पॅसेंजर पुरते. खर्च फार नाही.

गेल्या वर्षी तो माजुलीचा मुलगा नोकरी सुटल्यामुळे खोली सोडून गेला. जाताना वर्तमानपत्र परत द्यायला आला होता. आम्ही म्हटलं, राहू दे, जुनं आहे. तो खाली उतरला आणि खांबांमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत क्षणभर उभा राहिला. वरून हाक मारून विचारलं, काय पाहतोस? म्हणाला, ‘‘सर, यहाँ माग लग सकता था।’’

माग म्हणजे हातमाग. हा आमच्याकडून उचललेला एक मराठी शब्द तेवढा तो बरोबर घेऊन गेला. त्या जागेत आता तिसरी गाडी लागते.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.